साठ टिंबं

मंगळवार, दुपार
(दुकानातल्या मोठ्या टेबलावरून, चामड्याचे तुकडे बाजूला सारून)

चिरंजीव धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत ठीक आहे असं धरून चालते, कारण रविवारी फोनवर तू तसं म्हणालास आणि मी काही विचारायच्या आत पुढचा विषय काढलास. तुझ्या बायकोचा गुडघा कसा आहे? (तिला सांग, बाजारातल्या मऊमऊ तळाच्या बुटांनी गुडघा बरा होत नाही, फक्त बूट विकणाऱ्याचं बरं होतं. दोन्ही पायांची मापं कागदावर उमटवून पाठव म्हणून मी तीन वर्षं सांगते आहे. एकाच पायाचं आलं आहे.) मुलींना आशीर्वाद. इकडे एक सोडून सगळे खुशाल आहोत. हे पत्र त्या एकासाठी आहे. लगेच हातपाय गाळू नकोस, मी संगणकाबद्दल बोलते आहे.

आपला जुना संगणक गेला. महिन्यापूर्वी, गुरुवारी सकाळी सव्वाअकराला, भूगोलाच्या बाईंच्या उजव्या पायाचं नववं माप टाइप करत असताना गेला. आधी त्याने खोकल्यासारखा आवाज केला, मग मागच्या जाळीतून धूर काढला आणि मग तो गप्प झाला. बाई एक पाय स्टुलावर आणि एक पाय बुटात अशा बसल्या होत्या. त्यांनी आयुष्यभर शाळेत ज्वालामुखी शिकवला, पण प्रत्यक्ष पाहायची ही पहिलीच वेळ, असं त्या म्हणाल्या. बाबांनी पेन्सिल खाली ठेवली, चष्मा काढून डबीत घातला आणि उठून उभे राहिले. कोणी गेल्यावर उभं राहतात तसे.

दुरुस्तीला मी डॉक्टरला बोलावलं. हा खरा डॉक्टर नव्हे. दोन गल्ल्या सोडून संगणक दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं, पण कोणतंही मशीन उघडून पाहिलं की आधी "वाचणार नाही" म्हणतो आणि मग कामाला लागतो, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. आपलं मशीन उघडल्यावर मात्र तो काहीच म्हणाला नाही. पाच मिनिटं नुसता आत बघत राहिला आणि मग त्याने विचारलं, हे तुम्ही खरंच वापरत होता? मी म्हटलं, रोज. त्याने कपाळाला हात लावला आणि नवीन घ्या म्हणाला. मी म्हटलं, घेते, पण माझा प्रोग्राम त्यावर चालला पाहिजे. कोणता प्रोग्राम, असं त्याने विचारलं आणि मला सगळी कथा सांगावी लागली. बाहेरच्या माणसाला सांगताना आपलं घर किती वेडगळ वाटतं हे मला त्या दिवशी कळलं. जे सांगितलं ते तुलाही लिहिते. तुला माहीत आहेच, पण अलीकडे तुझ्या काय काय लक्षात राहतं याचा मला भरवसा नाही.

मी सांगितलं की आम्ही कमीजास्त पायांचे बूट करतो. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असेल तर किती उंची भरायची हे पायाच्या अकरा मापांवरून काढतो. जेवढा फरक तेवढी टाच, असं सरळ गणित नसतं. माणूस किती वर्षं तसा चालला आहे, जुना बूट कुठे झिजला आहे, हे सगळं त्यात धरावं लागतं. शरीराने ज्या झिजेवर भरवसा टाकलेला असतो, तेवढी झीज नव्या बुटात मुद्दाम ठेवायची, हा बाबांचा नियम. एकदा फार पूर्वी बाबांचं उत्तर चार मिलिमीटरने चुकलं आणि एक पोस्टमन जिन्यावरून पडला. तेव्हापासून आमच्याकडे कुठलंही उत्तर दोन जणांनी काढायचं. बाबा या टेबलाशी, आई खिडकीशी. आपापल्या कागदावर लिहायचं, कागद पालथा ठेवायचा, आणि दोन्ही ठेवून झाले की एकदम उलटायचे. जुळले तर चामड्याला कात्री, नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

(डॉक्टरला मी एक गोष्ट सांगितली नाही, तुला सांगायची गरज नाही. आईचं उत्तर नेहमी आधी निघायचं. तिला ते गणित चणे खाण्याइतकं सोपं होतं. पण ती कागद हातात धरून खिडकीबाहेर बघत बसायची आणि बाबांची पेन्सिल थांबली की मगच आपला कागद ठेवायची. चुकून एकदा तिने आधी ठेवला, तर बाबांचा सगळा हिशोब कोलमडला आणि त्या दिवशी एकही बूट झाला नाही.)

आई गेली तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास. दुकान दोन महिने बंद होतं, कारण दुसरं उत्तर काढायला कोणी नव्हतं. माझं गणित कसं आहे हे घरात सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा तू कुठूनसा तो वापरलेला टू-एटी-सिक्स संगणक उचलून आणलास, आईच्या वह्या घेऊन मागच्या खोलीत सहा आठवडे बसलास आणि तो प्रोग्राम लिहिलास. अकरा मापं घालायची, मग पडद्यावर एकेक टिंब उमटत जातं, साठ टिंबं झाली की उत्तर. मी म्हटलं होतं, बिचाऱ्याला किती कष्ट पडतात. तेव्हा तू मला जिन्याखाली नेऊन सांगितलंस की उत्तर पहिल्या टिंबाच्या आधीच तयार असतं, टिंबं नुसती थांबण्यासाठी आहेत. बाबांना चार मिनिटं लागतात, म्हणून टिंबांनाही चार मिनिटं लागतात. त्या दिवशी मला तुझा जितका अभिमान वाटला तितका त्यानंतर कधी वाटला नाही. (नोकरी लागली तेव्हाही नाही. तू दुखावशील, पण खरं ते खरं.)

फक्त एक घोळ तू करून ठेवलास. वेळ मोजायला तू घड्याळाकडे पाहिलं नाहीस. मशीनला एका भल्यामोठ्या आकड्यापर्यंत मोजायला लावलंस, आणि ते मोजून झालं की एक टिंब. त्या मशीनला ते मोजायला चार सेकंद लागायची म्हणून चार सेकंद. पुढचं मशीन याहून भराभर मोजेल हे एवढ्या हुशार मुलाच्या डोक्यात आलं नाही. तीन वर्षांनी तो टू-एटी-सिक्स थकला आणि आपण फोर-एटी-सिक्स आणला, तेव्हा साठ टिंबं वीस सेकंदांत संपली. बाबांनी अजून चौथं मापसुद्धा धरलं नव्हतं. ते पडद्याकडे बघत म्हणाले, याने माप पाहिलेलंच नाही, आधीच ठरवून आला आहे. तेव्हा पुढच्या बाजूचं ते टर्बो नावाचं बटण आपल्या कामी आलं. सगळं जग ते बटण दाबून मशीन पळवायचं. आपण ते दाबून मशीनला लंगडायला लावलं. तरी अडीचच मिनिटं व्हायची. उरलेली दीड मी मापं सावकाश टाइप करून भरून काढायची. असं आपण इतकी वर्षं निभावलं.

(मधे एकदा मला हौस आली आणि मी आणखी नवीन मशीन घेतलं, ते आठवतं का? त्या चिपला आकड्याऐवजी नाव होतं. बटण काढून टाकलेलं. साठ टिंबं एकदम आली, टिंबं कसली, रेघच. बाबांनी त्या मशीनवर टेबलक्लॉथ घातला आणि तो आजतागायत काढलेला नाही. प्रोग्रामच्या मूळ लिखाणाच्या फ्लॉपीवरून आकडा बदलून दे, असं मी तुला तेव्हाच म्हटलं होतं. ती फ्लॉपी तू शिकायला जाताना घेऊन गेलास आणि वसतिगृहात चहाच्या कपाखाली ठेवत होतास, हे तुझ्या मित्राकडून कळलं. तेव्हा तो विषय मी बंद केला.)

आता नव्या मशीनकडे येते. डॉक्टरने ते टेबलावर मांडलं, तुझा प्रोग्राम त्यात घातला, आणि मशीनने साफ सांगितलं की हा प्रोग्राम आमच्याकडे चालत नाही. सावकाश नाही, भराभर नाही, चालतच नाही. मी म्हटलं, माझा भाऊ अशाच चिपा करणाऱ्या कंपनीत आहे, जुने प्रोग्राम नव्या चिपवर चालतात की नाही हे तपासण्याचाच त्याला पगार मिळतो. डॉक्टरने माझ्याकडे फार सहानुभूतीने पाहिलं. मग त्याने दीड तास मला समजावलं, आणि त्यातलं मला जे कळलं ते असं. तुझा प्रोग्राम सोळा बिटांच्या काळातला आहे. मग बत्तीस बिटांचे आले, त्यांनी सोळावाल्यांना मागच्या खोलीत जागा दिली. मग चौसष्टवाले आले. त्यांनी बत्तीसवाल्यांना ठेवून घेतलं, पण सोळावाल्यांचं दार लावलं. एका घरात दोन पिढ्या नांदतात, तिसरी आली की पहिलीची खाट बाहेर, असं मी म्हटलं. तो म्हणाला, तसंच पण नाही. कारण ही चौसष्टवाली चिपसुद्धा चालू करताक्षणी आधी सोळावालीच म्हणून जागी होते. आपण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची आहोत, आपल्याला एवढीशीच जागा दिसते, असं समजून उठते. मग तिला आठवण करून देतात की तू आता मोठी झालीस, आणि ती एकदा मोठी झाली की लहानपणच्या कोणालाही ओळख देत नाही.

हे ऐकून मला कोणाची आठवण झाली हे लिहीत नाही.

आणखी एक त्याने सांगितलं ते मला फार आवडलं. सगळ्यात जुन्या चिपला एक खोड होती म्हणे. मोजता मोजता जागेच्या शेवटाला पोचली की पुन्हा पहिल्या घरावर यायची. पुढच्या चिपला जागा जास्त, तेव्हा ती खोड आपोआप गेली. पण काही जुने प्रोग्राम त्या खोडीच्याच भरवशावर चालत होते. मग मशीन बनवणाऱ्यांनी नव्या मशीनमध्ये मुद्दाम एक दार बसवलं, ते लावून घेतलं की मशीन जुन्यासारखं चुकायचं, आणि हे दार कित्येक वर्षं पुढे नेलं. मी डॉक्टरला म्हटलं, अहो, हा तर बाबांचा नियम, नव्या बुटात जुनी झीज ठेवायची. पहिल्यांदाच मला वाटलं की तू बुटांच्या धंद्यातून बाहेर पडलेला नाहीस. हे मी बाबांना सांगितलं. नंतर ते बराच वेळ चामडं घासत होते आणि खुशीत होते.

शेवटी डॉक्टरने तोड काढली. नव्या मशीनच्या आत त्याने एक खोटं जुनं मशीन उभं केलं. ते खरं कुठेच नाही, पण तुझ्या प्रोग्रामला वाटतं की आपण आपल्या घरी आहोत. (मला हे जरा फसवल्यासारखं वाटलं. पण म्हाताऱ्या माणसांना आपण वेगळं काय करतो?) त्या खोट्या मशीनने किती भराभर मोजायचं याचा आकडा आपण द्यायचा. पहिल्या दिवशी डॉक्टर आकडा द्यायला विसरला. मी शेवटच्या मापानंतरच्या बटणावरून बोट उचलायच्या आत उत्तर आलं. बाबा उठले, हात धुतले आणि वर घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्याने तीन हजार आकडा घातला. मी भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, साठ टिंबं बरोब्बर चार मिनिटांत, अगदी तुझ्या पहिल्या दिवसासारखी. मी निर्धास्त झाले आणि भूगोलाच्या बाईंना बोलावून घेतलं.

चार मिनिटांनी टिंबं संपली तेव्हा बाबांची पेन्सिल चालूच होती. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, आपल्या कागदाकडे पाहिलं, आणि कागदाची घडी करून खिशात घातली. बाईंना चार दिवसांनी या म्हणून सांगावं लागलं. मी डॉक्टरला फैलावर घेतलं, की तुझं मशीन घाई करतं. तो म्हणाला, चार मिनिटं म्हणजे चार मिनिटं, तुम्हीच घड्याळ लावलं होतं. मी म्हटलं, मला शिकवू नकोस, आकडा कमी कर. त्याने दोन हजार केला. सहा मिनिटं. नाही जमलं. दीड हजार. आठ मिनिटं. बाबा नवव्या मापावर होते. डॉक्टर बिचारा खाली मान घालून आकडा बदलत होता, आणि मी नव्या चिपांना, त्या बनवणाऱ्यांना आणि तुला नावं ठेवत होते. हजारावर येऊन जमलं. दोन्ही कागद एकदम उलटले. बाबांचं उत्तर सतरा मिलिमीटर, मशीनचं सतरा मिलिमीटर. बाई उठून दोन पावलं चालल्या आणि म्हणाल्या, नवीन मशीन फार छान आहे, जुन्यासारखी घाई करत नाही. बूट परवा घेऊन गेल्या.

तर या सगळ्याचं तात्पर्य असं की मशीन नवीन, तुझा प्रोग्राम जुना, आणि मधे एक खोटं मशीन ज्याचा आकडा सारखा फिरवावा लागतो, हे काही खरं नाही. तू तुझ्या कामातून वेळ काढून हा प्रोग्राम चौसष्ट बिटांचा नव्याने लिहून पाठव, आणि या वेळी टिंबं घड्याळावर चालव. आईच्या वह्यांचे फोटो डॉक्टर पाठवील. लवकर पाठव, भूगोलाच्या बाईंच्या मागे सात जण थांबले आहेत. एवढंच काम होतं.

प्रकृतीला जप. जिन्यावर पाय बघून टाकत जा.

तुझी,
ताई

ता. क. प्रोग्राम पाठवू नकोस. वरचं सगळं लिहून झाल्यावर चहा घेतला आणि पुन्हा वाचलं, तेव्हा माझीच मला लाज वाटली. डॉक्टरचं मशीन बरोबर होतं. घड्याळावर चालणारी चार मिनिटं आता या घरात कोणाच्या उपयोगाची नाहीत. गेली दोन वर्षं मला वाटत होतं की माझ्या बोटांना वय झालं, मापं टाइप करायला मला फार वेळ लागतो. बोटांना काही झालेलं नाही. मी बाबांच्या पेन्सिलीकडे बघत टाइप करत होते आणि ते मला कळत नव्हतं. आता हे काम आकडा करतो म्हणून कळलं. आज सकाळी आकडा आठशेवर आणावा लागला, म्हणजे पंधरा मिनिटं. उत्तर अजून एकदाही चुकलेलं नाही, हे लक्षात ठेव. नुसतं लांब गेलं आहे.

ता. क. दुसरं. काल काम चालू असताना, बाविसाव्या टिंबाच्या सुमारास, बाबा मान वर न करता म्हणाले, "तीसुद्धा अशीच थांबायची. मला ठाऊक होतं." आणि पुन्हा लिहायला लागले. तू मला जिन्याखाली नेऊन सांगितलेलं गुपित आपण एकतीस वर्षं उगीच सांभाळलं. तुझ्या प्रोग्रामला जे येतं ते तुला येत नाही, धाकट्या. दर रविवारी तू विचारतोस, बाबा कसे आहात, आणि ते तोंड उघडायच्या आत बरं म्हणतोस. मला राग येतो त्याचा. हे एकदा स्पष्ट लिहायचं होतं.

ता. क. शेवटचं. या रविवारी जाता जाता तू त्यांना विचारलंस, "बाबा, मी येऊन जाऊ का?" जरासा थांबलास, मग "बरं, बघू" म्हणालास आणि फोन ठेवलास. फोन ठेवल्यावर बाबांनी माझ्याकडे कागद मागितला. मी म्हटलं, आज सुट्टी आहे, कोणाची मापं आलेली नाहीत. ते म्हणाले, दे तर. पेन्सिल घेऊन बसले. मी घड्याळ पाहिलं ते नुसतं सवयीने. बारा मिनिटांनी त्यांनी कागद टेबलावर पालथा ठेवला आणि दुसऱ्या कागदाची वाट बघत बसले. तो कागद सोबत जोडला आहे. त्यावर एकच अक्षर आहे, "ये".

तुझा कागद अजून आलेला नाही.